रिठ आणि पोड : यवतमाळचे जुने नकाशे वाचताना

संपादकांनी यंदा ‘हरवलेली गावे’ हा विषय ठेवला. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाला हे शब्द ऐकून एखादा पडका किल्ला आठवेल, किंवा धरणाचे पाणी आटल्यावर उघडे पडणारे देऊळ. यवतमाळ जिल्ह्यात मात्र हरवलेले गाव तहसिलीच्या यादीतच सापडते. कोणत्याही तालुक्यातील महसुली गावांची यादी घ्यावी आणि जुन्या पटवाऱ्याजवळ बसून एकेक नाव वाचावे. काही नावांपाशी तो थांबतो आणि सांगतो, हे रिठ आहे. म्हणजे गाव आहे, पण तिथे कोणी राहत नाही. तिथे एसटी जात नाही, शाळा नाही, मतदार नाही, सरपंच नाही. तरीही त्या गावाला शिव आहे, सर्व्हे नंबर आहेत, सातबारे आहेत आणि स्वतःचा गावनकाशा आहे. शेजारच्या गावचे शेतकरी तिथली वावरे वाहतात. जनगणनेच्या पुस्तकात त्या नावापुढे लोकसंख्येच्या रकान्यात काहीच नसते, आणि पुढच्या जनगणनेतही ते नाव पुन्हा छापले जाते.

याच जिल्ह्यात याच्या अगदी उलट अशीही वस्ती आहे. झरी जामणी, केळापूर, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांत कोलामांचे पोड आहेत, पुसद-दिग्रस-महागावकडे बंजाऱ्यांचे तांडे आहेत, जागोजाग पारध्यांचे बेडे आहेत. तिथे माणसे आहेत, गुरे आहेत, चुली पेटतात. पण जुन्या गावनकाशावर त्यांतल्या बहुतेक वस्त्यांना स्वतःचे नाव नाही. जिथे माणूस नाही ते गाव म्हणून नोंदलेले आणि जिथे माणूस आहे ते नोंदीबाहेर, हा उफराटेपणा यवतमाळच्या जुन्या नकाशांत पानोपानी दिसतो. माझे म्हणणे असे की ही निव्वळ दप्तरी चूक नव्हे. नकाशा कशासाठी काढला गेला याची ती साक्ष आहे, आणि ती समजून घेतली तर या जिल्ह्याचा विसरलेला ग्रामीण इतिहास वाचायला त्याहून चांगला कागद दुसरा नाही.

साखळी, टिपण आणि सोळा आणे

नकाशा कसा झाला ते आधी पाहायला हवे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिले. पुढे दहा वर्षांच्या आत इथे मोजणीदार उतरले, आणि त्यांनी बरोबर आणली ती मुंबई इलाख्याची पद्धत. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५ नंतर इंदापूर तालुक्यापासून ती बसवली होती. तिचा गाभा साधा होता. सरकार गावाशी किंवा जमीनदाराशी नव्हे, तर एकेका वावराशी हिशेब ठेवणार. त्यामुळे वावर मोजणे भाग होते. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे पाडलेले. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एक एकर. आजही आपण जमीन गुंठ्यांत बोलतो ती या साखळीच्या मापाने. शेताच्या मधून एक मुख्य रेषा घ्यायची, तिच्यापासून प्रत्येक कोपऱ्यापर्यंत काटकोनात अंतरे मोजायची आणि सगळे आकडे एका कच्च्या आकृतीवर लिहायचे. ही आकृती म्हणजे टिपण. अशी टिपणे जोडून गावनकाशा तयार झाला, साधारणपणे एका मैलाला आठ इंच या प्रमाणात.

मोजणीदारामागून प्रतवारी करणारा क्लासर यायचा. त्याने वावराचे भाग पाडून जागोजाग माती खणून पाहायची. काळीभोर, चोपण नसलेली, दगडगोटा नसलेली माती पावणेदोन हात खोल लागली तर ती सोळा आणे प्रतीची. खोली कमी झाली की आणे कमी; चुनखडी, उतार, पाणी साचणे असे दोष निघाले की आणखी कमी. या प्रतवारीच्या नोंदी म्हणजे यवतमाळच्या मातीचे दीडशे वर्षांपूर्वीचे वर्णन आहे. बरड कुठे संपते आणि नदीकाठची कसदार जमीन कुठे लागते हे त्यांत वावरागणिक आहे. बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस, वाघाडी या नद्यांच्या खोऱ्यांतील धूप आज किती झाली हे तपासायचे असेल, तर तुलनेला घेण्यासारखी इतकी जुनी आणि इतकी बारीक नोंद दुसरी नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात ती पडून असते आणि हद्दीचे भांडण निघाले तरच बाहेर येते.

इतक्या खर्चाची ही घाई का झाली याचे उत्तर कापसात आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर लँकेशायरच्या गिरण्यांचा माल तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी मोल आले. पडीक जमीन वहितीखाली आणायची तर ती किती आहे, कुठे आहे आणि कोणाच्या नावावर चढवायची हे ठाऊक हवे. म्हणून मोजणी ओसाड गावांचीही झाली. रिठ आज नकाशावर आहे ते या कारणाने. महसुलाचा करार जमिनीशी होता, माणसाशी नव्हता. माणूस उठून गेला तरी शिव जागेवरच राहिली.

ओसाडी कशाने आली

मोजणीदारांना या भागात इतकी गावे ओसाड का सापडली? एकट्या दुष्काळाने हे झाले नाही. अठराव्या शतकात वऱ्हाडात दुअमली होती. एकाच गावातून भोसल्यांनी महसुलाचा ६० टक्के वाटा घ्यायचा आणि निजामाने ४० टक्के. वाटे ठरलेले असले तरी वसुलीला येणारी माणसे दोन बाजूंची, आणि त्यांची भूक कागदावरच्या वाट्याएवढीच असेल याची खात्री नाही. १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. त्याच सुमाराला मोठा दुष्काळ पडला, आणि पाठोपाठ पेंढाऱ्यांची धाड सुरू झाली. एप्रिल १८१८ मध्ये पळत आलेल्या दुसऱ्या बाजीरावाला कर्नल ॲडम्सच्या फौजेने पांढरकवड्याजवळ गाठले, म्हणजे त्या उन्हाळ्यात दोन फौजा याच वाटांनी दाणावैरण उचलत गेल्या. नदीकाठाने, घाटाच्या तोंडाशी, फौजेच्या वाटेवर असलेले गाव आधी उठते. जुन्या नकाशावर रिठे मांडून पाहिली आणि त्यांवर जुन्या वाटा घातल्या की गावागणिक हा अंदाज तपासता येतो. कोणत्याही बखरीने ही सोय केलेली नाही.

ओसाड गावे पुन्हा वसवायला इंग्रजांनी १८६० च्या दशकात इजाऱ्याची पद्धत काढली. आख्खे गाव ठराविक मुदतीने एखाद्या धनवान माणसाला द्यायचे, त्याने कुळे आणून जमीन उठवायची. वऱ्हाडातील असे इजारे याच जिल्ह्यात विशेष झाले. त्या वेळी जिल्ह्याचे नाव वणी होते. आजही गावांच्या नावापुढे ‘इजारा’ लागलेले आढळते, कधी कंसातल्या एका अक्षराने. तीच नावे धरून चालत गेले तर दीडशे वर्षांपूर्वी कोणत्या पट्ट्यात जंगल तोडून वहिती वाढली याचा माग लागतो.

इथे एक आक्षेप रास्त आहे. यादीतले प्रत्येक निर्मनुष्य गाव पूर्वी वसलेले होतेच असे कशावरून? मोजणीच्या सोयीसाठी जंगलाचा किंवा पडिताचा तुकडा वेगळा काढून त्याला गाव म्हटले गेले, असे काही ठिकाणी नक्कीच झाले. म्हणून नकाशावरचे नाव हा पुरावा नव्हे, तो फक्त पत्ता आहे. पुरावा जमिनीत असतो. रिठाच्या शिवारात काळ्या वावरांच्या मधोमध राखाडी-पांढरट मातीचा उंचवटा असेल, नांगराच्या तासात खापरे, बांगड्यांचे तुकडे, जात्याची तळी निघत असतील, जवळ बांधीव विहीर आणि चिंचेची जुनी झाडे असतील, वेशीच्या जागी शेंदूर लावलेला मारोती असेल आणि बाजूच्या गावचे लोक अजून त्याला नारळ फोडत असतील, तर तिथे माणसे राहिली होती. पांढरी माती म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या भिंती, राख, शेण आणि केरकचरा यांचा थर. यांतले काहीच मिळाले नाही तर ते गाव बहुधा कागदावरच जन्मले. दोन्ही निष्कर्ष उपयोगाचे आहेत.

पांढरीखाली किती इतिहास असू शकतो याचे ताजे उदाहरण बाभुळगाव तालुक्यातील पाचखेडचे आहे. नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने २०२३-२४ मध्ये तिथल्या टेकाडावर उत्खनन केले. आठ मीटरहून जाड थर निघाला. तळाशी लोहयुगातील वस्ती, त्यावर सातवाहन काळ, त्यावर मध्ययुग, आणि सर्वांत वर निजामकाळ, जेव्हा हे टेकाड टेहळणीसाठी वापरले गेले. सुमारे तीन हजार वर्षांचा हा मुक्काम एका शेतशिवारातल्या उंचवट्यात होता. असे उंचवटे दर वर्षी कमी होत आहेत. पांढरी माती वावरात टाकायला चांगली, घर सारवायला चांगली, विटांनाही चालते. ट्रॅक्टर आल्यापासून एखादे टेकाड सपाट व्हायला दोन उन्हाळे पुरतात. त्यात शेतकऱ्याचा दोष काढता येत नाही, कारण ते टेकाड म्हणजे काय हे त्याला कोणत्याही कार्यालयाने सांगितलेले नाही.

चार शिटांचा जिल्हा

गावनकाशा एका गावापुरता असतो. गावे एकमेकांना जोडून पाहायला सर्व्हे ऑफ इंडियाची शीट लागते, आणि तिचा वंश वेगळा. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासेपासून त्रिकोण मोजत उत्तरेकडे आणलेला सर्व्हे विदर्भातून गेला. २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला लॅम्ब्टन वारला; त्याची कबर तिथेच आहे, आपल्या जिल्ह्याच्या हद्दीपासून वर्धा नदीपलीकडे थोड्याच अंतरावर. त्या त्रिकोणांच्या सांगाड्यावर पुढे एक इंचाला एक मैल या प्रमाणाच्या शिटा निघाल्या, आणि स्वातंत्र्यानंतर दशमान पद्धत आल्यावर १:५०,००० च्या.

यवतमाळचा अभ्यास करणाऱ्याला इथे पहिली अडचण येते ती भूगोलाची. २० अंश अक्षांश आणि ७८ अंश रेखांश या दोन्ही रेषा जिल्ह्यातून जातात, त्यामुळे जिल्हा चार मोठ्या शिटांत विभागला गेला आहे. दारव्हा, नेर, दिग्रस ५५ एच मध्ये. यवतमाळ, कळंब, पांढरकवडा, वणी ५५ एल मध्ये. पुसद आणि उमरखेड ५६ ई मध्ये. पैनगंगेकाठचा झरी जामणीचा दक्षिण भाग ५६ आय मध्ये. त्यांतही यवतमाळ शहर ५५ एल/३ वर आणि वणी ५५ एल/१६ वर. दुसरी अडचण कारभाराची. १९०५ पर्यंत जिल्ह्याचे नाव वणी, आणि पुसद तालुका त्याच वर्षी वाशीम जिल्हा मोडल्यावर इकडे आला. म्हणजे पुसदची जुनी कागदपत्रे वाशीमच्या नावाखाली शोधायची, आणि यवतमाळची वणीच्या. पैनगंगेच्या दक्षिण काठावर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य, तिथली मोजणी वेगळ्या खात्याची. वर्धा नदीपलीकडे मध्य प्रांताची मालगुजारी, तिथले गावनकाशे वेगळ्या प्रमाणाचे. नदीच्या दोन्ही काठांवर एकच समाज राहत असला तरी नकाशा काठावर येऊन थांबतो.

या शिटांचा खरा खजिना खालच्या कोपऱ्यातील खुणांच्या तक्त्यात आहे. त्यात गावाच्या दोन खुणा आहेत, वसलेले आणि ओसाड. झोपड्यांच्याही दोन, कायम आणि तात्पुरत्या. विहीर बांधीव की कच्ची, हे वेगळे. देऊळ, छत्री, मशीद, ईदगाह, कबर, पुराणवस्तू, प्रत्येकाला आपली खूण. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथल्या दगडालाही खूण आहे. लागोपाठच्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या की वसलेल्या गावाचे ओसाड झालेले, ओसाड नावाचे पुसले गेलेले, तात्पुरत्या झोपड्यांची कायम वस्ती झालेली दिसते. अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात छापलेल्या १:२,५०,००० च्या भारताच्या शिटा टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. आपल्याकडे २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने भूस्थानिक माहितीवरची जुनी बंधने बरीच सैल केली. त्यामुळे आज संगणक असलेला कोणताही महाविद्यालयीन विद्यार्थी क्यूजीआयएस या मोफत प्रणालीत जुनी शीट आजच्या उपग्रह चित्रावर बसवू शकतो.

ती बसते का, हा पुढचा आक्षेप. गावनकाशा साखळीने काढला, लॅम्ब्टनच्या त्रिकोणांशी तो जोडलेला नव्हता, त्यामुळे उपग्रह चित्रावर ठेवला की कडा सरकतात आणि दोन गावांच्या शिवा एकमेकींवर चढतात. हे खरे आहे. पण चूक सगळीकडे सारखी नसते. तीन शिवांचा दगड, बांधीव विहीर, देवळाचा ओटा असे हलत नसलेले चार-पाच बिंदू जागेवर जाऊन नक्की केले की गावनकाशा त्यांभोवती बऱ्यापैकी बसवता येतो. उरलेला फरक कुठे आहे हेही मग बोलके होते. नदीकाठी तो असेल तर पात्र सरकले असेल, ई-क्लासच्या, म्हणजे चराईच्या सरकारी जमिनीच्या, कडेला असेल तर बहुधा कोणाचा धुरा सरकला असेल. शंभर फुटांच्या वादात हा नकाशा कोर्टाचा निकाल देऊ शकणार नाही. गाव कुठे होते हे सांगायला त्याची अचूकता पुरून उरते.

नकाशाला न दिसलेली माणसे

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे येऊ. हे नकाशे परक्या सत्तेने सारावसुलीसाठी काढले. त्यांतून लोकांचा इतिहास कसा मिळणार? आक्षेपाचा पहिला भाग निर्विवाद आहे. कोलामांचा पोड हा मोजणीदाराच्या दृष्टीने गाव नव्हता. पोडातली माणसे डोंगरउतारावर फिरती शेती करत, जमीन कस सोडू लागली किंवा पोडात मृत्यू वाढले की जागा बदलत. ज्याचा सारा ठरवता येत नाही आणि जो पुढच्या वर्षी तिथेच असेल याची खात्री नाही, त्याला महसुलाच्या वहीत ओळ नव्हती. त्याच डोंगरांवर पुढे राखीव जंगलाची रेघ ओढली गेली. रेघेच्या आतला पोड अतिक्रमण ठरला, बाहेरचा कुठल्या तरी महसुली गावाचा टोला म्हणून जोडला गेला. तांड्यांचेही असेच झाले. बंजारे बैलांच्या पाठीवरून धान्य-मीठ वाहत, रस्ते आणि रेल्वे झाल्यावर तो धंदा बसला आणि ते पुसदच्या डोंगराळ भागात स्थिरावले. मोजणी आधी झाली, तांडा नंतर बसला, त्यामुळे तांड्याला शेजारच्या गावाचे शेपूट म्हणून राहावे लागले. अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्रिपदी राहिलेले वसंतराव नाईक पुसद तालुक्यातील गहुलीचे. असा माणूस देणारा समाज गावनकाशांवर मात्र फारसा उमटलेला नाही.

पण आक्षेपाचा दुसरा भाग मला मान्य नाही. पक्षपात कोणत्या दिशेचा आहे हे ठाऊक असलेला साक्षीदार निरुपयोगी नसतो. नकाशा सारा न देणाऱ्याला टाळतो हे एकदा कळले की टाळलेल्या जागा शोधता येतात. शिटेवर डोंगरउतारावर नाव नसलेल्या तात्पुरत्या झोपड्यांची खूण असेल, तिच्याकडे जाणारी पायवाट तुटक रेघेने दाखवली असेल, खाली नाल्यात कच्ची विहीर असेल, तर तिथे कोणी तरी राहत होते हे सर्व्हेअरने नकळत लिहून ठेवले आहे. आजच्या पोडातील म्हाताऱ्या माणसांना पूर्वीच्या जागा ठाऊक असतात. कुठल्या टेकडीवर आजा राहिला, कुठे देव आहे, कुठे पुरले. त्या जागा शिटेवरच्या बेनाव झोपड्यांवर पडतात का, हे पाहता येते. सारा घेणाऱ्याचा कागद असा सारा न देणाऱ्याच्या बाजूने बोलू शकतो, फक्त विचारणारा पाहिजे.

तोंडी सांगण्यावरच का थांबू नये, असे काही अभ्यासक विचारतात. लोकांच्या स्मृतीबद्दल मला आदर आहे, आणि कारणे तीच सांगते. पटकी आली, वाघ लागला, पाणी आटले, धाड पडली, पाटलाच्या घरात भांडण झाले. हे नकाशा कधीच सांगणार नाही. पण स्मृतीला काळ आखडून घ्यायची सवय असते. एका रात्रीत गाव उठल्याची कथा अनेक रिठांबद्दल सांगितली जाते. दोन आवृत्त्यांतील घरांच्या खुणा, विहिरी आणि वाटा ताडून पाहिल्याशिवाय ती एका रात्रीची गोष्ट होती की तीस वर्षांच्या गळतीची, हे ठरत नाही. गळती असेल तर प्रश्नही बदलतो. मग रोगराईपेक्षा बाजार कुठे सरकला आणि रस्ता कुठून गेला याकडे पाहावे लागते.

कळंबचे उदाहरण घ्या. अकबराच्या काळातील ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे, म्हणजे विभागाचे, ठाणे म्हणून कळंबची नोंद आहे, तर यवतमाळ हे लोहाऱ्याशी जोडलेले एका परगण्यापुरते नाव. आज लोहारा यवतमाळला चिकटून गेला आहे, यवतमाळ जिल्ह्याचे ठिकाण आहे आणि कळंब चिंतामणीच्या दर्शनाला जाणाऱ्यांचे तालुक्याचे गाव. यात कळंबवर कोणते संकट कोसळले असे नाही. ठाणी हलली, वाटा हलल्या. १९०३ साली यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत कापसासाठी ११३ किलोमीटरची अरुंद रेल्वे झाली, तिला लोक शकुंतला म्हणतात. तिच्या काठच्या लाडखेड, दारव्हा, कारंजा या गावांना बरे दिवस आले. दारव्ह्याहून पुसदकडे काढलेला फाटा तर उखडला गेला आणि त्याच्या भरावाच्या खुणा जुन्या शिटेवर अधिक ठळक, जमिनीवर पुसट आहेत. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या रुंद मार्गाने हेच चक्र पुन्हा फिरेल, आणि कोणाची गावे वाटेवर येतात, कोणाची बाजूला पडतात, हे आजच्या नकाशावर लिहिले जात आहे.

एक धोका मान्य करायला हवा. रिठांच्या आणि गढ्यांच्या जागा जाहीर झाल्या की गुप्तधनाच्या मागे लागलेले लोक कुदळी घेऊन पोचतात; विदर्भात हे होत आले आहे, आणि त्यात पुराव्याचा नाश होतोच. पण अशा लोकांना जागा ठाऊक असतात. ठाऊक नसतात त्या ग्रामसभेला आणि पुरातत्त्व खात्याला. नोंद झालेल्या जागेवर खणले तर तक्रार तरी होते. नोंदच नसलेल्या जागेबद्दल कोण तक्रार करणार?

कागदाचा आजचा उपयोग

हा सगळा प्रकार इतिहासप्रेमींचा छंद राहिला असता तरी चालले असते, पण तसा तो राहिलेला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात जंगलातील जुन्या वस्त्या आणि कधीच मोजणी न झालेली गावे यांना महसुली गाव करून घेण्याचा हक्क आहे. २००८ च्या नियमांत दाव्याला चालणाऱ्या पुराव्यांत गॅझेटिअर, जनगणना, मोजणी व बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे आणि उपग्रह चित्रे स्पष्ट नोंदली आहेत, आणि त्याच यादीत वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही आहे. म्हणजे वर सांगितलेली जोडणी, शिटेवरच्या बेनाव झोपड्या आणि पोडातल्या आज्याची आठवण, हीच कायद्याने मागितली आहे. महाराष्ट्रातील अतिअसुरक्षित तीन आदिम जमातींपैकी कोलाम एक. त्यांच्या दाव्याला जुनी शीट जोडायची तर ती ग्रामसभेच्या हाती असली पाहिजे. सध्या तिच्यासाठी कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, आणि नक्कल मिळाली तरी ती वाचून दाखवणारा मिळत नाही.

पोडाबाहेरही कागदाला काम आहे. गावनकाशावर दोन तुटक रेघांनी दाखवलेली पांधण वावरांत मिसळून गेली की पावसाळ्यात बैलबंडी शेतात नेता येत नाही, आणि तिची मूळ रुंदी जुना नकाशाच सांगतो. ई-क्लासचा चराईचा तुकडा कुठून कुठपर्यंत होता, गावाचा आखर कुठे होता, नाल्यावरचा बांध कोणत्या नंबरात होता, हे प्रश्न आजच्या गावाचे आहेत. सातबारा आता मोबाइलवर दिसतो, भूनकाशाही दिसतो, आणि ही सोय मोठी आहे. पण संगणकावर चढले ते आजच्या हद्दींचे चित्र. टिपणांवरच्या विहिरी, झाडे, वाटा आणि प्रतवारीचे आणे त्या चित्रात नाहीत. मूळ कागद कापडावर चिकटवलेला, घड्यांवर फाटलेला, आणि दर पावसाळ्यात दमट भिंतीला टेकलेला असतो.

सर्वांत तातडी आहे ती जिथे आजची गावे उद्याची रिठे होणार तिथे. वणी तालुक्यात निलजई, उकणी, मुंगोली या उघड्या कोळसा खाणींनी शिवारेच्या शिवारे खोदली. तिथे टेकाड, विहीर, शिवेचा दगड यांपैकी काहीही मागे राहत नाही, त्यामुळे मोजणीचा जुना नकाशा हाच त्या जमिनीचा एकमेव शिल्लक आकार आहे. इसापूर आणि बेंबळा धरणांच्या पाण्याखाली गेलेल्या शिवारांचे तेच. निम्न पैनगंगा प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रातील गावकरी वर्षानुवर्षे विरोध करत आहेत, आणि तो वाद जमिनीचा व मोबदल्याचा आहे हे खरे. पण भूसंपादनाच्या मोजणीत घर, झाड आणि विहीर मोजली जाते ती किमतीसाठी. पांढरीचा उंचवटा, वेशीतला मारोती, पोडाची जुनी जागा, आखर आणि पाणवठ्याकडची वाट यांना रकाना नाही. १८६० च्या दशकातल्या मोजणीदाराने सारा न देणाऱ्याला जसे वगळले तसेच हे आहे. हा रकाना घालायला नवा कायदा लागत नाही. संपादनाच्या अधिसूचनेबरोबर त्या गावाची टिपणे, जुना गावनकाशा आणि शीट यांच्या प्रती ग्रामसभेला देणे, आणि गावातल्या चार जाणत्या माणसांना घेऊन नकाशात नसलेल्या जागा त्यावर भरून घेणे, एवढे काम एका हिवाळ्यात होते. यवतमाळ, पुसद आणि वणीच्या महाविद्यालयांत इतिहास आणि भूगोलाचे विभाग आहेत, दर वर्षी तिथे विद्यार्थ्यांना प्रकल्प लिहायचे असतात, आणि पैनगंगेच्या काठावरची नावे अजून जागेवर जाऊन विचारता येतात.